भाऊबीजेचं नितळ पाणी

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका छोट्या राज्यात दोघी बहिणी राहत होत्या. आईबाप गेल्यावर त्याच एकमेकींना उरल्या होत्या. घरामागे वडिलांनी खणलेलं तळं होतं. त्या तळ्यात त्या रंगीत मासोळ्या वाढवत, पाण्यातली रोपं लावत आणि देवळांच्या कुंडांत, मोठ्या घरांच्या हौदांत नेऊन सोडत. खाण्यासाठी मासा द्यायचा नाही, हा वडिलांचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. राजवाड्याच्या तटाखालून निघणारा ओढा त्यांच्या घराजवळून वाहत असे. त्याचंच पाणी एका पाटाने तळ्यात येई.

थोरली पाण्याची मोठी जाणकार. पाण्यात नुसती बोटं बुडवून ती सांगायची, की आज मासे टाका, किंवा आज टाकू नका. बोलायला मात्र फटकळ. राजा असो की रंक, तिचा शब्द तोंडावर पडायचा. धाकटीलाही सगळं येत होतं. हात तर तिचा थोरलीपेक्षा हलका होता. पण लोक काम सांगायचे थोरलीला, शाबासकी द्यायचे थोरलीला, आणि धाकटी टोपली उचलून मागे चालायची. "ही कोण?" असं कुणी विचारलं, की लोक म्हणायचे, "ही होय? ही तिची बहीण."

धाकटी हसायची. पण ते हसणं वरवरचं होतं. आत काहीतरी टोचत राहायचं.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला राणीच्या माहेराहून बैलगाड्या आल्या. गवतात गुंडाळून, जिवापाड जपून आणलेला काचेचा एक हौद त्यात होता. पुरुषाच्या छातीइतका उंच, आणि असा स्वच्छ, की रिकामा असताना तो आहे हेच कळू नये. राणीच्या भावाने निरोप धाडला होता, "ताई, यात पाण्याखालची बाग फुलव. भाऊबीजेला येईन तेव्हा डोळे भरून बघेन."

राणीला हा एकच भाऊ. तोही वर्षातून एकदाच यायचा. सासरी तिला कशाची वाण नव्हती, पण हक्काने सांगावं असं माणूस नव्हतं. तिने हौद दिवाणखान्यात खिडकीपाशी मांडायला लावला आणि दोघी बहिणींना बोलावणं धाडलं.

बहिणींनी तळाशी ओढ्यातला काळा गाळ पसरला. त्यावर धुतलेली वाळू घातली. लांब पातींची रोपं मागे, गोल पानांची पुढे, अशी लावणी केली. थोरलीने काळजी घेऊन पाणी सोडलं, मूठभर गोगलगाई टाकल्या आणि हात पुसत ती म्हणाली, "आता कुणी हात लावायचा नाही. मासे एवढ्यात नाहीत."

राणी रोज सकाळी हौदापाशी उभी राहू लागली. पहिले काही दिवस ती नुसती हरखून गेली होती. मग काचेवर तांबूस राप धरली. ती पुसली, तर पानांवर हिरवे केस उगवले. बघता बघता ते केस लांबले, रोपांच्या गळ्यात गुंतले, आणि हौदातलं पाणी हिरव्या मुगाच्या कढणासारखं दिसू लागलं. दासी पदराआड हसू लागल्या.

राणीने बहिणींना पुन्हा बोलावलं. शेजारी राजवाड्याचे कारभारी उभे होते. पांढरी शुभ्र पगडी, गोड बोलणं, आणि ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर नजर.

"हे काय झालं?" राणीने विचारलं.

"शेवाळ आलंय, राणीसाहेब," थोरली म्हणाली. "नव्या पाण्यात येतंच. गाळात कस आहे, खिडकीतून ऊन आहे, आणि रोपांनी अजून मुळं धरलेली नाहीत. मग तो कस खाणार कोण? शेवाळ. रोपं वाढली की त्याचं अन्न तुटेल आणि ते आपसूक हटेल. तोवर दुपारी हौदावर कापड टाकायचं, थोडं थोडं पाणी बदलायचं, हातांनी शेवाळ काढायचं आणि वाट बघायची. नंतर हळूहळू मासे सोडू."

"भाऊबीजेपर्यंत होईल?"

"नाही. भाऊबीजेला पाणी हिरवंच असणार. संक्रांतीला बघा."

राणीचा चेहरा उतरला. "माझा भाऊ संक्रांतीला येत नाही गं," ती म्हणाली.

दुसरं कुणी असतं तर तिथे विरघळलं असतं. थोरली म्हणाली, "त्याला पाणी काय करणार, राणीसाहेब?"

कारभाऱ्यांनी घसा खाकरला आणि त्यांची नजर टोपली धरून मागे उभ्या असलेल्या धाकटीवर गेली.

"तू काय म्हणतेस?"

धाकटीने आधी मागे वळून पाहिलं. आपल्यालाच विचारलं, हे तिला खरं वाटेना. आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. राणीचे डोळे तिच्यावर खिळले होते, आणि त्या डोळ्यांत आशा होती. थोरली म्हणते ते अक्षर न् अक्षर खरं आहे, हे धाकटीला ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "होईल."

"भाऊबीजेपर्यंत?"

"होईल, राणीसाहेब."

घरी परतताना थोरली झपाझप पुढे चालत होती. ओढा ओलांडताना ती थांबली.

"कसं करणार आहेस?"

"करीन काहीतरी."

"मोरचूद घालणार?"

धाकटीने मान खाली घातली. रंगाऱ्यांकडे मोरचुदाचे निळे खडे मिळत. शेवाळावर तसा जालीम उपाय दुसरा नव्हता.

"बाबा मोरचूद वापरायचे ते रिकाम्या हौदाला," थोरली म्हणाली. "वापरून झाल्यावर हौद पावसाळाभर पावसात धुऊ द्यायचे. ज्यात जीव आहे त्या पाण्यात नाही. आधी शेवाळ मरतं, मग गोगलगाय मरते, मग मासा. तेवढाच काय तो फरक. मला शब्द दे."

"नाही घालणार, अक्का. सावली करीन, हातांनी काढीन. तूच शिकवलंस ना?"

थोरलीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. पाणी तिला कळायचं, पण स्वतःच्या बहिणीवर संशय घ्यायचा कसा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "मग जा तू एकटीच," ती म्हणाली. "माझं तोंड तिथे नकोच."

धाकटीने सुरुवातीला खरंच सावली केली. हाताने शेवाळ उपसलं, बोटांची कातडी सोलून निघेपर्यंत उपसलं. पण एका बाजूने काढावं तर दुसऱ्या बाजूने यायचं. दिवाळी उंबरठ्यावर आली. कारभारी येता जाता नुसते हौदाकडे बघत आणि काही न बोलता पुढे जात. शेवटी धाकटी पदराखाली निळे खडे घेऊन आली.

शेवाळ पांढरं पडलं, गळून पडलं. गोगलगाई कवचं मिटून वाळूत पडल्या, त्या तिने वेचून टाकल्या. पाणी उपसून ओतलं, नवं भरलं, आणि भाऊबीजेच्या सकाळी तळ्यातल्या निवडक मासोळ्या त्यात सोडल्या.

राणीचा भाऊ आला आणि उंबऱ्यातच थबकला. नितळ पाणी, हिरवी रोपं, आणि मधून फिरणारे तांबडे, पिवळे, निळसर मासे. "ताई," एवढंच तो म्हणाला. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने धाकटीचा हात धरून तिला पुढे ओढलं. "ही आमची हौदवाली बाई. हिनेच केलंय सगळं." भावाने हातातलं कडं काढून धाकटीला दिलं.

त्या दिवशी थोरली राजवाड्याच्या दाराशी धाकटीचं जेवण घेऊन आली होती. एका पाहुण्याने विचारलं, "त्या कोण?" दारवान म्हणाला, "त्या होय? त्या हौदवाल्या बाईंच्या बहीण." धाकटीने ते ऐकलं. तिला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती हौदापाशी गेली, तर काही मासे वर पोट करून तरंगत होते.

राणी उठायच्या आत तिने मेलेले मासे ओच्यात घेतले, धावत तळ्यावर गेली आणि तसेच दुसरे आणून सोडले. कुणाला कळलं नाही. पुढे काही दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग तिने मोरचूद बंद केला. वाटलं, आता पाणी सुधारेल. पण मोरचुदाने रोपांचीही मुळं काळी पडली होती, पानं कुजत होती, आणि कुजकं खाऊन शेवाळ पुन्हा फोफावलं. पहिल्यापेक्षा दाट. कारभारी हौदापाशी थांबले. "पाहुणे येताहेत पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले.

"होईल, साहेब," धाकटी म्हणाली.

आता त्या एका शब्दाची तिला सवय झाली होती.

धाकटी आता राजवाड्यातच राहू लागली, आणि मग ते चक्रच सुरू झालं. खडे टाकायचे, शेवाळ मारायचं, पाणी उपसून वाड्यामागच्या मोरीत ओतायचं, मेलेली रोपं फेकून तळ्यातली नवी लावायची, मेलेले मासे काढून तळ्यातले जिवंत सोडायचे. राणीचे दिवस हौदाशेजारी जाऊ लागले. शेपटीला खोक पडलेल्या एका तांबड्या मासोळीचं नाव तिने 'चिमणी' ठेवलं होतं. ती मासोळी आली तशी दुसऱ्याच दिवशी मेली. तळ्यात तशी दुसरी मिळेना. धाकटीने साधीच तांबडी मासोळी आणून सोडली.

सकाळी राणी म्हणाली, "अगं, चिमणीची शेपटी भरून आली की काय?"

"हो, राणीसाहेब."

"तुझ्या हाताला गुण आहे बाई," राणी म्हणाली आणि आनंदाने हसली. धाकटी बादली उचलून परसात निघून गेली.

थोरलीला ती सांगायची, "राणीसाहेबांना नवे नवे रंग हवे असतात, अक्का. जुने मासे पाहुण्यांना भेट देतात." थोरली घागरीत मासे भरून द्यायची. वर म्हणायची, "तू करून दाखवलंस. मला वाटलं होतं होणार नाही. मी चुकले." फटकळ माणूस चूक कबूल करतं तेव्हाही फटकळपणेच करतं. त्या दोन शब्दांपेक्षा थोरलीने मुस्काटात मारली असती तर धाकटीला सोसलं असतं.

संक्रांतीला धाकटी तिळगूळ घेऊन घरी गेली. अंगणात दगडी डोणी होती. काचेचा हौद लावला त्याच दिवशी थोरलीने उरलेल्या गाळात उरलेली रोपं त्या डोणीत लावली होती. दिवाळीत ती हिरवीगार बरबटलेली धाकटीने पाहिली होती. आता पाणी स्वच्छ होतं. रोपं काठाबाहेर आली होती, पानांना गोगलगाई चिकटल्या होत्या आणि मुळांमधून मासोळ्या आणि त्यांची मोहरीएवढी पिल्लं पळत होती. थोरलीने काही मुद्दाम दाखवलं नाही. ती तीळ चघळत म्हणाली, "तुझ्यासारखं झटपट नाही जमलं, पण झालं."

धाकटीने पंधरवड्याने त्या डोणीतलेही मासे मागून नेले. थोरलीने दिले.

उन्हाळा लागला. ओढ्याची धार करंगळीएवढी झाली. वरून येणारं पाणी आटलं आणि राजवाड्याच्या मोरीतून येईल तेवढंच काय ते ओढ्यात उरलं. एका सकाळी थोरली राजवाड्याच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. डोळे लाल, पायांना चिखल.

"तळ्यात मासे मरताहेत गं," ती म्हणाली. "रोज मरताहेत. गोगलगाई सगळ्या गेल्या. मी सगळं करून पाहिलं. चारा कमी केला, सावली केली. कुठे चुकतंय तेच कळेना. एवढं आयुष्य पाण्यात गेलं माझं..." ती थांबली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने धाकटीपुढे हात जोडल्यासारखे केले. "तुझ्या हौदात सगळे जगतात. तू काय करतेस ते मला सांग. मला शिकव."

धाकटी दारात उभी होती. हातात पाण्याची बादली होती, नुकतीच हौदातून उपसलेली. मोरीच्या तोंडाशीच ती उभी होती, आणि मोरी कुठे जाते, ओढा कुठे जातो, पाट कुठे जातो, हे सगळं त्या एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "अक्का, पाट बंद कर."

पण मग थोरली विचारणार, का? आणि त्या 'का'च्या मागे सगळंच बाहेर येणार. राणी, चिमणी, भाऊबीज, कडं. आतून दासीची हाक आली, "हौदवाल्या बाई! राणीसाहेब बोलावताहेत!"

"पाणी बदलून बघ, अक्का," धाकटी घाईने म्हणाली. "ताजं पाणी सोड." आणि ती आत गेली.

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाहुणे होते, हौदापाशी उभं राहणं भाग होतं. संध्याकाळी सुटका झाली तेव्हा ती पळत सुटली. वाटेत ती मनाशी घोकत होती, सांगते, आता सांगते, पायांवर डोकं ठेवून सांगते.

थोरलीने धाकटीचा शब्द मानला होता. पाटाच्या तोंडावरचा दगड तिने पुरता बाजूला केला होता आणि ओढ्यात होतं तेवढं सगळं पाणी तळ्यात घेतलं होतं. तळं या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं झालं होतं. मासोळ्यांची पोटं. थोरली गुडघाभर पाण्यात उभी राहून परडीने एकेक गोळा करत होती. तिने धाकटीकडे पाहिलं.

"ताजं पाणी सोडलं," ती म्हणाली. "तरी गेले. माझाच हात वाईट झाला असेल."

धाकटीही पाण्यात उतरली आणि मेलेले मासे गोळा करू लागली. सांगायचं म्हणून आली होती. परडी भरून गेली, तरी सांगणं झालं नाही.

आता राजवाड्याच्या हौदात सोडायला मासा उरला नाही. होते ते एकेक करून मेले, आणि एका सकाळी राणी हौदापाशी आली तेव्हा पाणी होतं, रोपांचे काळे देठ होते, आणि 'चिमणी' म्हणून ठेवलेली मासोळी तळाशी आडवी पडली होती.

राणी रडली. कारभाऱ्यांना बोलावणं गेलं. ते आले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "मासे यायचे कुठून?"

"आमच्या तळ्यातून," धाकटी म्हणाली.

"तळं कोण बघतं?"

"माझी बहीण."

"तळ्यातले मासेही मेलेत म्हणे. गावात बोलताहेत." कारभारी राणीकडे वळले. "उघड आहे, राणीसाहेब. तळ्याला रोग लागलाय. रोगट मासे तिने इकडे दिले. पहिल्यापासून तिच्या मनात नव्हतंच."

राणीने भरल्या डोळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

धाकटी गप्प राहिली. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पण तिच्या गप्प राहण्याला तिथे हो समजलं गेलं, आणि तसं ते समजलं जाणार हे तिला माहीत होतं.

दुपारपर्यंत दवंडी फिरली, की थोरलीच्या हातचे मासे आणि रोपं कुणी घेऊ नयेत. देवळांच्या पुजाऱ्यांनी आपापल्या कुंडांतले तिने दिलेले मासे काढून उकिरड्यावर टाकले. ते मासे धडधाकट होते.

राणीच्या भावाला कळलं तेव्हा त्याने बहिणीची समजूत काढायला एक सोनार धाडला. सोनाराने चांदीचे मासे घडवले. डोळ्यांच्या जागी माणकं बसवली आणि केसाहून बारीक तारांनी ते हौदात टांगले. स्वच्छ पाण्यात ते लखलखू लागले. कारभारी म्हणाले, "हे उत्तम झालं. मरायचे नाहीत, खायला मागायचे नाहीत." आणि मग धाकटीकडे बघून, अगदी गोड आवाजात, "तुझं आता इथे काय काम?"

धाकटी घरी आली तेव्हा थोरली गाठोडं बांधत होती.

"कुठे निघालीस, अक्का?"

"डोंगरापलीकडे. तिथे मला कुणी ओळखत नाही. धुणीभांडी करीन." थोरली गाठ आवळत म्हणाली. "इथे मला तोंड दाखवायला जागा नाही. लोक म्हणतात ते खरंच आहे. माझ्याच हातून काहीतरी झालं. काय झालं तेवढं मात्र कळलं नाही."

तेव्हा धाकटीला राहवलं नाही. ती जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. पहिल्या खड्यापासून ते दिवाणखान्यातल्या गप्प राहण्यापर्यंत सगळं. सांगताना ती रडत होती, आणि थोरली ऐकत होती. थोरलीने मधे एकदाही तिला तोडलं नाही.

मग थोरली म्हणाली, "मासे मेले, ते एक वेळ मी सोसलं असतं. माणसाच्या हातून होतं. पण मी रोज पाण्यात उभी राहून स्वतःला शिव्या घालत होते, आणि तू शेजारी उभी राहून मला त्या घालू देत होतीस."

"अक्का, मला मार. पण जाऊ नकोस."

"मारून काय करू?" थोरलीने गाठोडं उचललं. तिचा आवाज चढलाही नव्हता आणि कापलाही नव्हता. धाकटीला त्याचीच भीती वाटली. "पाट बंद ठेव," थोरली म्हणाली. "पावसाचं पाणी येईल तेव्हाही लगेच उघडू नकोस." एवढं सांगून ती डोंगराच्या वाटेला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी राजवाड्यात गेली. बहिणीचं नाव तरी धुऊन काढावं, एवढंच तिला हवं होतं. कारभारी ओसरीत बसले होते. तिने हात जोडून सगळं पुन्हा सांगितलं, मोरचुदासकट. कारभाऱ्यांनी ऐकून घेतलं, आणि पानाला चुना लावत विचारलं, "मग?"

"दवंडी मागे घ्या, साहेब. माझ्या बहिणीचा काही दोष नव्हता."

"बहीण आहे कुठे?"

"गाव सोडून गेली."

"गेली ना? मग दवंडी कुणासाठी मागे घ्यायची?" कारभारी पान तोंडात टाकत म्हणाले. "आणि राणीसाहेबांना हे सांगून काय मिळवायचं? आत्ता कुठे त्यांचं मन रमलंय. जा बाई, घरी जा."

धाकटीने मग देवळांत जाऊन पुजाऱ्यांना सांगितलं, पाणवठ्यावर बायकांना सांगितलं. पुजारी म्हणाले, "हो का? अरेरे." बायका म्हणाल्या, "जाऊ दे गं, मासोळ्यांचं काय एवढं मनाला लावून घेतेस." कुणी तिला रागावलं नाही, कुणी तिच्या तोंडावर थुंकलं नाही. डोंगरापलीकडे निरोप न्यायला मात्र कुणी तयार झालं नाही. ती स्वतः गेली. गावोगाव विचारत फिरली. थोरली तिला भेटली नाही.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: खरं बोलायचं ते वेळेवर बोलावं. वेळ टळल्यावर सांगितलेल्या खऱ्याने सांगणाऱ्याचं ओझं उतरत असेल, पण त्याने मेलेलं जगत नाही आणि गेलेलं माणूस परत येत नाही.